दोन दिवेलागणी

रत्नागिरीच्या घरी तुळशीपुढे दिवा लावून झाला की आई मला फोन करते आणि गेली 9 वर्षे तिचा पहिला प्रश्न एकच असतो, "दिवा लावलास का गं?" जूनमध्ये तिच्याकडे सव्वासात झालेले असतात, तेव्हा इथे इंग्लंडमधल्या ब्रायटनला दुपारचे पावणेतीन वाजलेले असतात आणि सूर्य मावळायला आणखी साडेसहा तास असतात. डिसेंबरात मात्र चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. लेकीला शाळेतून घरी आणेपर्यंत तिन्हीसांजा होऊन गेलेल्या असतात. ज्या वेळेला शुभंकरोती, परवचा आणि चुलीवरच्या भाताचा वास चिकटलेला आहे, ती वेळच इथे जागेवर राहत नाही, हे मला पहिल्या उन्हाळ्यात फार लागले. तेव्हा वहीत ही ओवी उतरली:

दिवेलागणीची वेळ । दारी उन्हाचा गं खेळ ।
कसा लागावा गं मेळ । दोन सांजांचा ॥

याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर 1909 मध्ये सावरकरांना 'सागरा प्राण तळमळला' सुचली, हे शाळेत पाठ केले होते. प्रत्यक्षात इथे वाळू नाही, गोटे आहेत, आणि लाट मागे सरताना ते एकमेकांवर घासून खळखळतात. मी तिथे अनेकदा बसले आहे, पण त्या कवितेतली तळमळ मी माझी म्हणू शकत नाही. परतीचे तिकीट मला केव्हाही काढता येते. माझे दुखणे लहान आहे, तरी ते खरे आहे.

ते नेमके काय आहे, हे गेल्या मे महिन्यात घरी गेल्यावर उमगले. सतरा अंशांवरच्या रत्नागिरीत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. एक्कावन्न अंशांजवळच्या ब्रायटनला तो तिरका घसरत जातो आणि त्याच्यामागे उजेड कितीतरी वेळ रेंगाळतो. अंगणात वाळत घातलेली आंबापोळी आत नेत होते, एक ताट ठेवून दुसऱ्यासाठी बाहेर आले, तर काळोख झालेला. मी दचकले. ज्या घरात मी वाढले, तिथला अंधार मला घाईचा वाटला, आणि खिडकीबाहेरच्या त्या लांबलेल्या, निळसर, परदेशी संध्याकाळीची इतकी आठवण आली की मला आईकडे बघवेना. त्या रात्री ओटीवर बसून लिहिले:

रात आली गं अंगणी । मन राहिले मागुनी ।
सांज शोधते अजुनी । तिकडली ॥

'तिकडली' हा शब्द आजवर मी ब्रायटनहून रत्नागिरीसाठीच वापरत आले होते. आईला ओवी वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा म्हणायला लावली आणि विचारले, "तिकडे किती वाजता लावतेस मग दिवा?"

मी म्हटले, "तू फोन करतेस तेव्हा. उन्हातच."