बंदीतली अंगठी

मालवण, रविवार, मे अखेर

आजची दुपार सोनाराकडे गेली. माझा साखरपुडा जूनच्या पहिल्या आठवड्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हाच माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरचे पुरुष सगळे एका वेळी घरात सापडतात. त्यामुळे मुहूर्त भटजींनी काढला असला तरी महिना बंदीने ठरवला.

दुकानातल्या मुलाने आधी जोडीच्या अंगठ्या मांडल्या. एकीवर अर्धं बदाम, दुसरीवर उरलेलं अर्धं. मग खडेवाल्या. मी वॉर्डात काम करते, दिवसभर हातमोजे चढव-उतरव. वर आलेल्या खड्याचे दाते हातमोजा फाडतात, आणि घरी त्याच फटीत वाटप जाऊन बसतं. खोबरं टाचणीने उकरून काढत बसलेली मावशी मी लहानपणापासून बघतेय. म्हणून म्हटलं, साधं वळं दाखवा. मुलाचा चेहरा पडला. साध्या वळ्यावर मजुरी ती काय मिळणार!

मग तो १८ कॅरटवर आला. त्यात सोनं ७५ टक्के, बाकी तांबं-चांदी वगैरे; कडक असतं, खडा घट्ट धरून ठेवतं. पण खडाच नको तर कडकपणा कशाला? २२ कॅरटमध्ये सोनं ९१.६ टक्के, म्हणून त्यावर ९१६ लिहिलेलं असतं. ओरखडे पडतात, पडू देत. खाऱ्या हवेत काळवंडतो तो मिसळलेला धातू, सोनं नाही. म्हणजे आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्यांना बावीसच बरं. पांढऱ्या सोन्याची चमक ऱ्होडियमच्या मुलाम्याची, तो झिजला की पुन्हा द्यायला लागतो, तेही नको. हॉलमार्कचा त्रिकोण बघितला आणि शेजारचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, फोनवर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघितला. मुलगा रुसला, मालक मात्र हसले.

माप घेताना मालक म्हणाले, "आत्ता घेतलेलं धरू नका, सकाळी परत या." उन्हाच्या वेळी बोटं फुगतात. आणि हीच बोटं समुद्राच्या गार पाण्यात आकसतात, मग दुकानात घट्ट बसलेली अंगठी पाण्यात नकळत निसटते. वळं रुंद असेल तर माप थोडं मोठं घ्यावं लागतं, कारण ते बोटाला जास्त आवळतं.

आता खरा विषय. तो होडीवर अंगठी घालणार नाही. जाळं ओढायच्या विंचचा दोर किंवा जाळं अंगठीत अडकलं तर ओढ सगळी बोटावर येते, कातडी सोलून निघते. असं बोट मी वॉर्डात बघितलंय, मला कुणी समजवायला नको. तरी त्याच्या आबांनी भर दुकानात त्याला ऐकवलंच, "बोट गेला तर आंगठी खंय घालतलंस?"

मला पटतं. पण रुखरुख आहे. मंगळसूत्र माझ्या गळ्यात, जोडवी माझ्या पायात, चुडा माझ्या हातात. त्याच्या अंगावर लग्नाचं काय? विधीत त्याच्या अनामिकेत दर्भाचं पवित्रक येतं, तेही काम झालं की काढून टाकायचं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख आहे, अंगठीचा नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरांत पाद्री चर्चमध्ये अंगठ्यांना आशीर्वाद देतात, तिथे ती लग्नाच्या मधोमध असते. आपल्याकडे ती साखरपुड्यापुरती आली आणि मग राहिली तर राहिली. त्याच्या अंगावर एक तरी खूण हवी, हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही.

गळ्यात साखळीत ओवायची म्हटलं तर साखळीही अडकते. त्याच्या आये म्हणाल्या, "देवाऱ्यात ठेव, सांभाळून ऱ्हवतली." म्हणजे रोज हळद-कुंकू लागून वर्षभरात तिचा टाक होणार! मी काही बोलले नाही, तो मात्र हसला.

शेवटी असं ठरलं की बंदीत आणि होडी किनाऱ्याला असेल त्या दिवशी तो घालणार, बाकी वेळ ती कपाटात माझ्या डबीत. मीही ड्युटीवर काढूनच ठेवणार, अंगठीखाली हात नीट धुतला जात नाही. म्हणजे दोघांचीही कामाच्या वेळी डबीतच. त्याला हे फार आवडलं, कारण आता मी एकटीने ओरडायचं कारण उरलं नाही.

आत काय कोरायचं हे अजून ठरत नाही. माप कमी-जास्त करायला अंगठी तळहाताकडच्या बाजूला कापतात, म्हणून अक्षरं वरच्या अर्ध्यात घ्या, असं मालकांनी सांगितलं. मला लग्नाची तारीख हवी, त्याला साखरपुड्याची. बंदीतली म्हणून लक्षात राहील म्हणे. बुधवारपर्यंत कळवायचंय. मजुरी ठरली, सोन्याचा भाव मात्र त्या दिवशीचा लागणार.