न्यूट कुठे जन्मला, हा पहिला प्रश्न

लीड्समध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंच्या परसात एक लहानसे तळे आहे. एका मे महिन्यात त्या तळ्याकाठी बसून माझ्या दहा वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा न्यूट पाहिला. तो पालीसारखा दिसत होता, पण अंगावर खवले नव्हते, आणि शेपूट वळवत वर येऊन हवेचा एक घोट घेतला की तो पुन्हा तळाशी जात होता. मीही तो त्याच दिवशी प्रथम पाहिला. आपल्या सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ यांच्या कितीतरी जाती असल्या, तरी न्यूटसारखे शेपटीचे उभयचर तेथे मुळीच नाहीत. भारतात ते पाहायचे तर दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगराळ भागात जावे लागते.

"बाबा, आपण यातला एक घरी नेऊ या का?" असे तिने विचारले, तेव्हा शेजारच्या बाईंनीच आम्हांला तसे न करण्याविषयी सांगितले. ब्रिटनमध्ये न्यूटच्या तीन देशी जाती आहेत. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्यांपैकी कोणत्याही जातीची परवान्याशिवाय विक्री करता येत नाही, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या, तुरेवाल्या न्यूटला तर परवान्याशिवाय पकडताही येत नाही. पाळायचाच असेल तर परदेशी जातीचा, आणि तोही घरी पैदास झालेला घ्यावा, असा त्यांचा सल्ला होता. त्या सल्ल्याचा दुसरा भाग मी तेव्हा पुरेसा गांभीर्याने घेतला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्याच महिन्यात एका दुकानात मला चिनी लाल पोटाचे न्यूट दिसले. स्वस्त होते, दिसायला सुरेख होते, आणि मी दोन घेतले. ते कुठून आले, असे मी विचारले तेव्हा "पुरवठादाराकडून" एवढेच उत्तर मिळाले आणि मी त्यावर समाधान मानले. या जातीचे प्राणी फार मोठ्या संख्येने रानातून पकडून बाजारात आणले गेले आहेत, आणि पकडण्यापासून दुकानातल्या काचेपर्यंतच्या प्रवासात गर्दी, उष्णता आणि उपासमार यांनी ते खचून गेलेले असतात, हे मला नंतर कळले. दुकानातल्या त्या टाकीत एक न्यूट पाण्याबाहेर सालीच्या तुकड्यावर चिकटून बसला होता. तो विसावला आहे, असे मला वाटले. एरवी पाण्यातच राहणाऱ्या जातीचा प्रौढ न्यूट सतत पाण्याबाहेर पडू पाहतो, तेव्हा बहुधा पाणी बिघडलेले असते किंवा तो स्वतः आजारी असतो. दुसऱ्याच्या कमरेची हाडे कातडीखालून वर आली होती. मी निवडलेले दोघे त्यांच्यापेक्षा बरे दिसत होते, पण पाणी तेच होते.

पहिला नवव्या दिवशी गेला. त्याने आमच्याकडे एकदाही अन्न घेतले नाही. दुसऱ्याच्या शेपटीवर कापसासारखी पांढरी बुरशी आली आणि पशुवैद्यांच्या औषधानंतरही तो तिसऱ्या आठवड्यात गेला. त्या पशुवैद्यांनी मला सर्वांत महत्त्वाची सूचना दिली ती अशी, की टाकीतले पाणी परसात किंवा नाल्यात ओतू नका, आधी ब्लीचने निर्जंतुक करा आणि टाकी, दगड, जाळी सगळे धुऊन पूर्ण वाळवा. त्यामागचे कारण ऐकून मी सुन्न झालो. नेदरलँड्सच्या दक्षिण लिंबुर्गमध्ये न्यूटच्याच नात्यातल्या, पिवळ्या ठिपक्यांच्या फायर सॅलॅमँडरची संख्या २०१० नंतर अवघ्या काही वर्षांत ९६ टक्क्यांनी घटली, आणि २०१३ मध्ये घेंट विद्यापीठातील संशोधकांनी त्यामागची त्वचा खाणारी बुरशी शोधून काढली. तिला थोडक्यात 'बीसॅल' म्हणतात. ती मूळची आशियातली. तेथील काही जाती ती अंगावर बाळगूनही वरकरणी निरोगी राहू शकतात, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोहोचली असे मानले जाते. ब्रिटनमध्येही ती पाळीव प्राण्यांत सापडलेली आहे. आमच्या टाकीपासून शेजारच्या तळ्यापर्यंत वीस पावलांचे अंतर होते.

यानंतर मी क्रम उलटा केला. आधी टाकी, मग शोध, आणि प्राणी सर्वांत शेवटी.

साठ सेंटिमीटर लांबीची, सुमारे ५४ लिटर पाण्याची टाकी मी नव्याने मांडली. क्लोरीन काढलेले पाणी, कमी प्रवाहाचा स्पंज फिल्टर, पाणवनस्पती आणि घट्ट बसणारे जाळीचे झाकण इतकेच साहित्य होते. हे झाकण मात्र अत्यावश्यक आहे, कारण न्यूट ओल्या काचेवर सहज चढतात. हीटर लागत नाही. या प्राण्यांना १६ ते २० अंशांचे पाणी मानवते आणि २५ अंशांच्या वर त्यांचे हाल होतात, म्हणून टाकी मी घराच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवली. फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू वाढून अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली दोन्ही विषारी द्रव्ये शून्यावर येईपर्यंत सहा आठवडे गेले. दर दोन दिवसांनी मुलगी परीक्षानळीतला रंग तक्त्याशी ताडून पाहत असे आणि वहीत नोंद करत असे.

शोध त्याहून लांबला. आम्ही जपानी लाल पोटाचा न्यूट निश्चित केला, कारण तो काटक आहे, नीट सांभाळल्यास वीस वर्षांहून अधिक जगतो आणि हौशी मंडळींकडे त्याची नियमित पैदास होते. पैदास करणाऱ्या प्रत्येकाला मी तेच प्रश्न विचारले: पिले तुमच्याकडेच अंड्यातून निघाली का, आईबाप पाहता येतील का, सध्या काय खातात, नवा प्राणी या वर्षात आणला आहे का, आणि बीसॅलची तपासणी झाली आहे का. पहिल्या दोघांनी आईबाप दाखवण्यास नकार दिला. तिसरे गृहस्थ लिंकनशायरमधले, निवृत्त शिक्षक. त्यांनी उत्तरे देण्याआधी मलाच माझ्या पाण्याचे आकडे विचारले. ते ऐकूनच मला धीर आला.

त्यांनी मला नुकती पिले देण्यास नकार दिला, तोही योग्य कारणाने. कल्ले गळून गेल्यावर या जातीची पिले बराच काळ जमिनीवर राहतात, पाण्यात ठेवल्यास बुडूही शकतात, आणि त्यांना बारीक जिवंत किडे रोज पुरवावे लागतात. नवख्याच्या हातून ती जगवणे अवघड असते. त्याऐवजी पुन्हा पाण्यात उतरलेले, दोन वर्षांचे तीन न्यूट ते देणार होते, पण त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबा, उन्हाच्या दिवसांत प्रवास नको, असे म्हणाले. आम्ही थांबलो.

त्यांच्या गॅरेजमध्ये मी जवळजवळ दोन तास होतो. त्यांनी चिमट्याने गांडुळाचा तुकडा पाण्यात धरला. एक न्यूट दगडाआडून आला, तुकड्यापासून बोटभर अंतरावर थांबला, मान किंचित तिरकी केली आणि मग एका झटक्यात तोंड उघडून तो आत ओढून घेतला. उरलेले टोक गिळताना त्याने दोन्ही पुढचे पाय तळावर रोवले होते. विकत घेण्याआधी प्राण्याला डोळ्यांसमोर खाताना पाहावे, याइतकी विश्वसनीय परीक्षा मला दुसरी माहीत नाही. त्याखेरीज मी बोटे मोजली, डोळे स्वच्छ आहेत का, पोट फुगलेले किंवा पाय लालसर नाहीत ना, अंगावर व्रण नाहीत ना, पोहताना प्राणी एका बाजूला कलत नाही ना, हे तिघांचेही पाहिले. आईबाप शेजारच्या टाकीत होते. तिघांच्या पोटांचे फोटोही घेतले, कारण लाल-काळ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि पुढे ओळख पटवायला तीच उपयोगी पडते. एका न्यूटची किंमत पंचवीस पौंड पडली, म्हणजे दुकानापेक्षा जास्त.

ओल्या शेवाळ्याच्या तीन डब्यांतून ते शीतपिशवीत आले. घरी थेट मोठ्या टाकीत न सोडता आम्ही त्यांना सहा आठवडे साध्या प्लास्टिकच्या पेट्यांत विलग ठेवले; चिमटा, बादली, जाळी सगळे वेगळे. पशुवैद्यांनी कातडीवरून बोळे फिरवून नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि विष्ठाही तपासली. दोन्हींचा निर्वाळा चांगला आला. सोनाराच्या काट्यासारख्या बारीक तराजूवर आम्ही दर रविवारी त्यांचे वजन करत होतो. सर्वांत लहान न्यूट पहिल्या रविवारी ३.८ ग्रॅम होता, सहाव्या रविवारी ४.४. हाताळण्याआधी आणि नंतर हात धुण्याचा नियम मी मुलीला पहिल्याच दिवशी घालून दिला, कारण या जातीच्या कातडीत विषही असते.

जानेवारीत ते मोठ्या टाकीत गेले. तिसऱ्या रात्री मुलीने मला हाक मारून दाखवले, तेव्हा सर्वांत लहान न्यूट वनस्पतीच्या देठाला अंग घासत कात टाकत होता. पारदर्शक कातडी मोज्यासारखी शेपटीपर्यंत सरकली, मग त्याने मागे वळून ती तोंडात धरली आणि सावकाश गिळून टाकली. मुलीने वहीत तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान लिहिले: १७ अंश.