कारच्या एसीचा कंप्रेसर बदलला, पण डोकं खाल्लं ते व्हॅक्यूमने

"गॅस संपलाय" हे वाक्य मी आता कुठल्याच गॅरेजवाल्याकडून ऐकून घेणार नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, सिस्टिम बंदिस्त असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. तरी सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये दर उन्हाळ्यात लीक न शोधता नुसता गॅस भरून दिला. शेवटी ऐन मे महिन्यात कंप्रेसर खरखरायला लागला आणि गार हवा पूर्ण बंद, मागे आई घामाघूम.

मग दुसरं गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी पाइप खोलून आतलं तेल बोटावर घेऊन दाखवलं, काळपट तेल आणि त्यात चांदीसारखी चमकणारी बारीक कणी. म्हणजे कंप्रेसर आतून झिजला होता. अशी कणी दिसली तर नुसता कंप्रेसर बदलू नका, ती कंडेन्सरच्या (गॅस गार करणारी पुढची जाळी) बारीक नळ्यांत अडकते, फ्लश करून पूर्ण निघत नाही आणि नव्या कंप्रेसरची पण वाट लावते. कंडेन्सर, ड्रायर (ओल शोषून घेणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व (गॅसचा दाब उतरवणारा) सगळंच घेतलं. नाना पेठेत मिळालं, जुना कंप्रेसर सोबत नेला होता त्यामुळे पुलीच्या खाचा आणि कनेक्टर जुळवून घेता आले. फिटिंगही पटकन झालं.

आणि मग व्हॅक्यूमला सगळं अडलं. गॅस भरायच्या आधी पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढतात. दाब इतका कमी होतो की आतलं पाणी न तापवताच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. ओल राहिली तर व्हॉल्वपाशी बर्फ होऊन अडकते, आतून गंज धरतो. म्हणून पंप किमान अर्धा तास चालवायचा, मग बंद करून गेजची सुई जागची हलत नाही ना ते बघायचं. इथे हेल्परने जेमतेम दहा मिनिटांत पंप बंद केला आणि गॅसचा कॅन हातात घेतला, "झालं ताई." मी म्हटलं परत लावा. लावला. सुई २८ ला गेली (हे पाऱ्याचे इंच, आकडा जितका मोठा तितका व्हॅक्यूम पक्का), पंप बंद केल्यावर मी तिथेच उभी राहिले, तर सुई २५, मग २२.

मिस्त्री म्हणाले, "ताई, पुणं उंचावर आहे, इथे सुई ३० ला जातच नाही." हे बरोबरच आहे, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे इथे २८ म्हणजे जवळपास पूर्ण व्हॅक्यूम. पण उंचीमुळे सुई कुठे थांबते ते ठरतं, थांबलेली सुई उंचीमुळे परत खाली येत नाही ना! हे मी तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मागे गाड्यांची रांग, त्यांना घाई, मला राग, शेवटी सरळ सांगितलं की सुई स्थिर राहिल्याशिवाय गॅस भरायचा नाही आणि पैसेही मिळणार नाहीत. मग कुठे नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं, तर सक्शन पाइपच्या जॉइंटला बुडबुडे. आत जुनीच चपटी झालेली ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी रिंग) परत बसवली होती! नवी हिरवी रिंग तेल लावून बसवली, परत पंप, आणि सुई २८ ला गेली ती तिथेच. मला काय बरं वाटलं सांगू, हट्ट धरला म्हणून कंप्रेसर वाचला.

गॅस "गार लागेपर्यंत" भरू देऊ नका, बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, काट्यावर वजन करून तेवढाच. हां, आधी सांगायचं राहिलं, नव्या कंप्रेसरमध्ये तेल भरलेलं येतं का आणि किती, हे पार्ट घेतानाच विचारा, आणि इंजिन चालू करायच्या आधी कंप्रेसरचा क्लच हाताने थोडे वेढे फिरवून घ्या. घरी करायचंच असेल तर केबिन फिल्टर बदला, कंडेन्सरची जाळी हलक्या पाण्याने धुवा. गॅसची लाइन मात्र घरी खोलू नका, एसीतला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशाला उकळतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर फारच वाईट. शिवाय हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडकवतो, त्यामुळे आधीचा गॅस मशीनने काढून घेणारंच गॅरेज बघा.

बिलावर ड्रायर, ओ-रिंगा, तेल आणि गॅसचे ग्रॅम वेगवेगळे लिहून घ्या, नवीन कंप्रेसरच्या वॉरंटीला ड्रायर बदलल्याचा पुरावा मागतात.