‘मूडी’ चालतं, मग ‘लहरी’ का लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे तुम्ही पहिले नाही. ‘मूडी’ म्हटलं की हसता आणि ‘लहरी’ म्हटलं की तोंड पाडता, असं का, हे मला नातेवाइकांनी विचारून झालंय, सहकाऱ्यांनी विचारून झालंय. (तोंड पाडते हाच पुरावा, असं म्हणणारेही भेटलेत.)

मुद्रितं तपासण्यात माझी वर्षं गेली, त्यामुळे आधी शब्दांचंच सांगते. ‘मूडी’ म्हटलं की दोष मूडवर जातो. तो बिचारा येतो, जातो, मी आपली मधे सापडलेली. ‘लहरी’त तशी सोय नाही. तिथे लहर माझी, मर्जी माझी, म्हणजे मनात आणलं तर मी नीट वागू शकते आणि मी ते मनात आणत नाही. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, ती लहर. त्याच्या पंक्तीला मी बसावं एवढं मी काय हलवलंय?

बाकीचे शब्द मला खरंच चालतात. तापट माणूस कशाने तापतो हे घरच्यांना पाठ असतं. तऱ्हेवाईक, छांदिष्ट, एककल्ली ही मंडळी तर फारच भरवशाची, कारण त्यांची तऱ्हा रोज तीच असते. ‘सणकी’ त्यातल्या त्यात जवळचा. दुखऱ्या दातातून सणक जाते तशी ती डोक्यात जाते, आधी कळवून येत नाही. ‘विक्षिप्त’ मी काही वर्षं मिरवलासुद्धा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्यात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त म्हणजे अधूनमधून का होईना, स्थिर होणारं चित्त. तिसरी पायरी! कुणी टोमणा मारला की मी हे ऐकवायची. आणि ‘मनस्वी’? तो बहुधा नाव कमावलेल्या पुरुषांसाठी राखून ठेवलेला असतो. तेच वागणं घरातल्या बाईचं असलं की लहरी.

हे सगळं मी अनेकदा बोलले आहे आणि ते खोटं नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही.

मुलगी अकरा वर्षांची होती. सुट्टी लागलेली. एका रात्री मी फार खुशीत होते, का ते आता आठवतही नाही. जेवताना जाहीर करून टाकलं की उद्या पहाटे निघायचं, दोन दिवस समुद्रावर. कपाट उघडलं, पिशव्या काढल्या, गाणं म्हणत घरभर फिरले. तासाभराने तिच्या खोलीत डोकावले तर पिशवी पलंगावर तशीच रिकामी आणि ही वाचत पडलेली.

‘‘भरली नाहीस?’’

‘‘सकाळी भरते.’’

‘‘मैत्रिणीला तरी सांगितलंस का?’’

‘‘नक्की झालं की सांगीन.’’

‘‘अगं, केलंय की नक्की.’’

‘‘रात्री केलंयस,’’ ती म्हणाली आणि पान उलटलं.

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिने.

शाळेत एक सुभाषित होतं: ‘अव्यवस्थितचित्तानां प्रसादोऽपि भयंकरः’. ज्यांचं चित्त ठिकाणावर नाही त्यांची मेहेरबानीसुद्धा भीतिदायक. ते राजेरजवाड्यांबद्दल, फार तर साहेबांबद्दल आहे असं मी समजत होते. माझ्या रागाची घरच्यांना सवय झाली असेल हे मी धरूनच चालले होते. माझ्या आनंदापासूनही ते चार पावलं लांब उभे राहतात, हे मला त्या पानाच्या आवाजाने कळलं.

सकाळी उठले तेव्हा डोकं जड होतं आणि कुठेही जायची इच्छा नव्हती. गेलो आम्ही. मी सगळ्यांना ओढून नेलं, का तर पोरीला खोटं पाडायचं होतं. दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रसंग ‘बघा, शब्द पाळला की नाही’ म्हणून सांगायचे. आज लिहिताना लाज वाटते. उद्या वाचताना वाटेल की नाही, माहीत नाही.

डॉक्टरांना दाखवलं का, हेही विचारता. दाखवलं. आजार नाही म्हणाले. मी जराशी खट्टूच झाले. आजाराचं नाव मिळालं असतं तर ‘लहरी’ला काहीतरी उत्तर झालं असतं. आता तो शब्द बसतो की नाही हे माझं मलाच ठरवावं लागतं, आणि ते दिवसागणिक बदलतं. हसा.

मुलगी आता नोकरी करते, लांब राहते. फोन केला की आधी विचारते, ‘‘आत्ता बोलू का?’’ हल्ली सगळेच असं विचारतात, ती रीतच आहे म्हणे. मी म्हणते, ‘‘बोल ना.’’ मग ती क्षणभर थांबते, माझा ‘बोल ना’ ऐकून घेते, आणि मगच सांगायला लागते.