चामाला जाताय? एक सकाळ यार्डासाठी राखून ठेवा

सांताफेहून उत्तरेला दोनेक तासांवर न्यू मेक्सिकोतलं चामा लागतं. वस्ती जेमतेम हजारभर. एक मुख्य रस्ता आणि त्याला लागून कुम्ब्रेस अँड टोल्टेक या पर्यटकांसाठीच्या जुन्या, वाफेच्या इंजिनांच्या रेल्वेचं यार्ड. आम्ही थेट गाडीच्या वेळेलाच जाणार होतो, पण बाबा परळच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी सातलाच सगळ्यांना उठवलं आणि फार बरं केलं.

यार्डात फिरायला पैसे लागत नाहीत. १९२४ चा कोळसा भरायचा लाकडी मनोरा, पाण्याची टाकी, बर्फ कापायचं अजस्र रोटरी यंत्र, सगळं जागच्या जागी आहे. चालू रुळांपासून मात्र लांब राहा.

हे सगळं टिकलं त्याचं कारण गरिबी. सॅन हुआनच्या डोंगरातली चांदी गाठायला डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने १८८० मध्ये इथे तीन फुटी रूळ टाकले (आपली माथेरानची दोन फुटी). १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला. मग लाकूड, मेंढ्या, तेलविहिरींचे पाइप यांवर गाडी चालत राहिली, पण रूळ रुंद करून डिझेल आणण्याइतकी कमाई कधी झालीच नाही. शेवटी मार्ग बंद झाला. १९७० मध्ये कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी मिळून चामापासून कोलोरॅडोतल्या अँटोनिटो गावापर्यंतचे ६४ मैल ५,४७,१२० डॉलरना विकत घेतले. चामाच्या पश्चिमेचे रूळ उखडले गेले, याची मला खरंच हळहळ वाटते.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा: चामाहून ओझियरपर्यंत (वाटेतला जेवणाचा थांबा) जाऊन परतलात, तर चढाची मजा मिळते, पण टोल्टेकची दरी दिसत नाही. ती ओझियरच्या पलीकडे, अँटोनिटोच्या बाजूला आहे. दोन्ही हवं असेल तर एका बाजूने बस घेऊन पूर्ण मार्ग करा. दिवस जातो, पण तोच करावा असं माझं मत. गाड्या साधारण मेअखेर ते ऑक्टोबर धावतात.

ओझियरचं जेवण तिकिटातच असतं, पण शाकाहारी माणसाचं सॅलड-बटाट्यावरच भागतं. आम्ही दशम्या नेल्या होत्या. चामाच मुळात साडेसात हजार फुटांच्या वर. कुम्ब्रेस खिंड १०,०१५ फुटांवर. आईचं डोकं तिथे भणभणायला लागलं. आदल्या रात्री चामातच मुक्काम करा, पाणी पीत राहा. जुलैतही स्वेटर हवा. उघड्या डब्यात उभं राहायचं तर चष्मा लावा, काजळीचे कण डोळ्यांत जातात. त्याच डब्यात स्वयंसेवक भेटतात. त्यांना विचारा, भरभरून सांगतात.

खिंडीत गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर उतरला आणि एकेका बेअरिंगला हाताची मागची बाजू लावत इंजिनाभोवती फिरला.

"बघ, तळहात नाही लावत," बाबा म्हणाले. "तापलेलं असलं तर तळहात भाजेल, मग काम कसं करणार? आम्हीही असंच बघायचो."

ते इंजिन बाल्डविन या अमेरिकी कारखान्याचं, १९२५ चं. शिट्टी झाली तरी बाबा खिडकीतून आत यायला तयार नव्हते.