कपाटाच्या आधीचं वाक्य

आज पहिल्याच पानावर अडकले.

नार्निया हो. ते कपाटातून जादूच्या देशात नेणारं मुलांचं पुस्तक. लहानपणी किती पारायणं केली त्याची! चार भावंडांतली धाकटी ल्यूसी कपाटातले फरचे कोट बाजूला सारत आत जाते, पायाखाली काहीतरी करकरतं, डांबराच्या गोळ्या असतील म्हणून हात लावते, तर बर्फ. हे सगळं मला पाठ.

पण त्याच्या कितीतरी आधी एक वाक्य आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ले होत होते म्हणून या चार भावंडांना लंडनमधून एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या घरी पाठवलं. बास, एवढंच. रेल्वे स्टेशन दहा मैलांवर, पोस्ट दोन मैलांवर, आणि गोष्ट सुरू.

तेव्हा मी यावरून सुळकन पुढे गेले असणार. कपाट गाठायची घाई ना! आज मात्र पान उलटेना. सप्टेंबर १९३९ मध्ये काही दिवसांतच जवळपास १५ लाख लोकांना, त्यातली बहुतेक मुलंच, ब्रिटनमधल्या शहरांतून असं बाहेर हलवलं होतं. खुद्द लेखक सी. एस. लुईस यांच्या घरीही अशी मुलं राहिली होती. म्हणजे हे वाक्य त्यांनी उगाच, गोष्ट पुढे सरकावी म्हणून लिहिलेलं नाही.

आई निरोप द्यायला आली होती का, हे पुस्तकात नाहीच. मुलांना बर्फ दिसतो, अर्धा माणूस, अर्धा बोकड असा फॉन दिसतो, चेटकीण दिसते. मला आज फक्त ते दोन मैलांवरचं पोस्ट दिसत राहिलं. आईचं पत्र किती दिवसांनी पोचत असेल?