तीन रकान्यांत न मावणारे कॉलेज

आमच्या छोट्या कॉलेजच्या वार्षिक अहवालासाठी एक तक्ता भरावा लागतो: विद्यार्थ्यांचे यश, माजी विद्यार्थ्यांचे यश आणि प्राध्यापकांचे यश. गणित विभागाचा तक्ता माझ्या वाट्याला येतो. यंदा तो भरायला बसलो असताना, फर्ग्युसन कॉलेज आमच्याएवढेच लहान होते त्या काळाला हे रकाने लावून पाहावेत असे मनात आले, आणि मूळ काम तसेच राहिले.

१८८५ साली पुण्यात गद्रे वाड्यात हे कॉलेज सुरू झाले. टिळकांनी संस्था सोडल्यावर गणिताची जागा रिकामी झाली, तेव्हा गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे तेथे शिकवायला आले. त्यांच्याच नात्यातला, दापोलीजवळच्या मुर्डीचा रघुनाथ परांजपे त्या वर्षांत तेथे विद्यार्थी होता. हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिला, झाला. तो मान त्याला बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला, एवढे मात्र आपण सांगताना हटकून गाळतो. कोठेही मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती असा हा माणूस संस्थेच्या आजीव सदस्याच्या महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनमध्ये परतला आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाला. आता त्यांचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे? विद्यार्थी, माजी विद्यार्थी की प्राध्यापक? शिवाय परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल १९०५ मध्ये सावरकरांना दहा रुपये दंड होऊन वसतिगृह सोडावे लागले, तेव्हाही प्राचार्य परांजपेच होते. त्याला तर तक्त्यात रकानाच नाही.

रँग्लर परांजप्यांच्या घरी मुलीसारखी वाढलेली इरावती १९२६ मध्ये याच कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आली. तिने लग्न केले ते दिनकर कर्व्यांशी, म्हणजे वर आलेल्या गणिताच्या प्राध्यापकांच्या मुलाशी. ते रसायनशास्त्र शिकवीत आणि नंतर तेही फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

मला मात्र सगळ्यांत जवळचे वाटतात ते डहाणूत जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. फर्ग्युसनमध्ये विद्यार्थी असताना, १९२७ मध्ये, गणितातील स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले. बी.एस्सी. नंतर पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत ते शिकवत राहिले, आणि आकड्यांशी खेळता खेळता त्यांना ६१७४ सापडला. १९७५ मध्ये गणितातील कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाने त्यांची नीट दखल घेतली. पारितोषिक १९२७ चे आणि दखल १९७५ ची. आमच्या तक्त्याला तर फक्त ‘चालू शैक्षणिक वर्ष’ हवे असते.

दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या तासाला मी फळ्यावर १८८५ लिहिले. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तेच करा. ८८५१ मधून १५८८ गेले, ७२६३ उरले. पुढे ५२६५, मग ३९९६. येथे मागच्या बाकावरून ‘सर, हे कुठेच जात नाही’ असे ऐकू आले. ६२६४. ४१७६. सहाव्या वजाबाकीला ६१७४ आला, आणि तीच क्रिया त्याच्यावर केली तरी ६१७४ च राहिला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच पोहोचते, हे सांगितल्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. मग सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि प्रत्येक जण आपापले जन्मवर्ष घेऊन वजाबाकी करू लागला.

तक्ता अजून भरायचा आहे.